मोटर बदलण्याआधी पिनियनचे दात मोजा : आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकच्या ब्रशलेस बदलाविषयी

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडे १/१० प्रमाणातला, मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रक आहे. त्यात मूळची ५५० आकाराची ब्रश्ड मोटर, तिच्यासोबतच आलेला ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि २एस, म्हणजे दोन सेलची, लायपो बॅटरी आहे. स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) ८६ दातांचा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) १९ दातांचा, दोन्ही ४८ पिचचे, म्हणजे एकाच मापाच्या दातांचे, आणि गिअरबॉक्सचे अंतर्गत गुणोत्तर २.७२ आहे. गाडी बहुतेक वेळा गवतावर आणि मोकळ्या मातीवर धावते. अलीकडे आपण ११० मिलिमीटर व्यासाची चाके काढून १३० मिलिमीटरची बसवली, आणि तेव्हापासून मोटर दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. शिवाय थ्रॉटल जोरात दिला की स्टिअरिंग ढिले पडते आणि कधीकधी गाडी क्षणभर ऐकेनाशी होते. या सगळ्यावर उपाय म्हणून ३३०० केव्हीची (हा आकडा फेऱ्यांचा, त्याचा अर्थ पुढे येतो) ब्रशलेस मोटर घेऊन ती ३एसवर चालवावी असा आपला विचार आहे. फक्त मोटर बदलून भागेल का, हा आपला मुख्य प्रश्न.

भागणार नाही. ब्रश्ड मोटरला दोन तारा असतात आणि तिच्या आतील विद्युतप्रवाहाची दिशा बदलण्याचे काम ब्रश आणि कॉम्युटेटर करतात. ब्रशलेस मोटरमध्ये हेच काम ईएससीला तीन तारांमधून करावे लागते. त्यामुळे जुन्या ईएससीवर नवी मोटर फिरणारच नाही. उलट दिशेने मात्र काही वेळा जमते, कारण काही ब्रशलेस ईएससींमध्ये ब्रश्ड मोटर चालवण्याची सोय असते. म्हणजे मोटर आणि ईएससी ही जोडी एकत्रच घ्यावी लागेल, आणि पहिल्यांदाच हा बदल करणाऱ्याने ती एकाच उत्पादकाची, एकत्र जुळवून विकली जाणारी घ्यावी असे माझे मत आहे.

पण आपली खरी अडचण मोटरच्या प्रकाराची नाही, आणि म्हणून मी उत्तर इथेच थांबवत नाही. आपण दिलेल्या माहितीत महत्त्वाचे वाक्य चाकांचे आहे. ११० वरून १३० मिलिमीटरवर जाणे म्हणजे चाकाचा व्यास सुमारे १८ टक्क्यांनी वाढवणे. जमिनीवर तेवढाच रेटा निर्माण करण्यासाठी आता मोटरला १८ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो, आणि मोटरचा टॉर्क तिच्यातून जाणाऱ्या करंटच्या प्रमाणात असल्यामुळे करंटही जवळपास तेवढाच वाढतो. तारांच्या वेढ्यांत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१८ चा वर्ग १.३९ होतो, म्हणजे फक्त चाके बदलल्यामुळे वेढ्यांतली उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी वाढली. त्यात मोठ्या चाकांचे वजन आणि गवताचा अडथळा मिळवा. मोटर तापते ती ब्रश्ड आहे म्हणून नव्हे. गाडी नकळत लांब गिअरिंगवर, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात जास्त अंतर कापणाऱ्या जुळणीवर, गेली आहे म्हणून. हेच गिअरिंग ठेवून आपण ब्रशलेस मोटर बसवली, आणि वर ३एस दिले, तर नवी मोटरही तापेल, फक्त जास्त वेगाने धावत तापेल.

ब्रशलेस मोटरचे फायदे खोटे आहेत असा याचा अर्थ नाही. ब्रश्ड मोटरमध्ये तारांचे वेढे फिरणाऱ्या भागावर असतात, त्यामुळे आतली उष्णता हवेच्या पोकळीतून आणि शाफ्टमधूनच बाहेर पडू शकते. शिवाय ब्रश आणि कॉम्युटेटर यांच्या घर्षणात आणि ठिणग्यांत शक्ती वाया जाते. आपल्या ट्रकमध्ये बसणाऱ्या ब्रशलेस मोटरीत वेढे बाहेरच्या डब्याला चिकटून असतात आणि चुंबक आत फिरते, म्हणून उष्णता थेट डब्यात आणि तिथून हवेत जाते. तेवढ्याच आकारात ती जास्त काम सहज करते, आणि ब्रश झिजण्याचा प्रश्नच राहत नाही. मात्र ही सवलत आहे. चुकीच्या गिअरिंगवरचा उपाय नव्हे.

म्हणून पहिली खरेदी १६ दातांच्या, ४८ पिचच्या पिनियनची करा. १९ ला १.१८ ने भागले की १६ येतात. म्हणजे १३० मिलिमीटरच्या चाकांसह १६ दातांचा पिनियन हा मोटरच्या दृष्टीने ११० मिलिमीटरच्या चाकांसह १९ दातांच्या पिनियनइतकाच होतो. आपला अंतिम गिअर रेशो सध्या ८६ भागिले १९ गुणिले २.७२, म्हणजे सुमारे १२.३ आहे, १६ दातांनी तो १४.६ होईल. हा बदल जुन्या मोटरवरच करून पाहा. मोटर पुन्हा पूर्वीसारखी कोमट राहू लागली, तर आपल्याला कदाचित असेही वाटेल की गाडीचा वेग पुरेसा आहे आणि मोठा बदल लगेच करण्याची गरज नाही. गिअर बदलूनही ती तापतच राहिली, तर ब्रश झिजलेले आहेत का, कॉम्युटेटर काळवंडला आहे का, आणि बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखरते का, हे पाहा. चाक मोकळे फिरवून ते कुठे अडते का तेही पाहा. अनेक गाड्यांत मूळचे प्लास्टिकचे बुश असतात. मातीत चालणाऱ्या गाडीत ते लवकर अडू लागतात आणि त्यांच्या जागी बॉल बेअरिंग टाकणे हा मोटर बदलण्याइतकाच फायद्याचा बदल ठरतो.

पिनियन लावण्याची पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण ब्रशलेस बदलानंतर गिअर खाल्ले जातात ते बहुतेक वेळा इथल्याच घाईमुळे. शाफ्टला एका बाजूने सपाट भाग असतो. ग्रब स्क्रू (पिनियनला शाफ्टवर पकडून ठेवणारा बिनडोक्याचा स्क्रू) नेमका त्या सपाट भागावर बसला पाहिजे, गोल भागावर बसला तर तो कितीही आवळला तरी सुटतो. स्क्रूला थ्रेडलॉकचा (आटे सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा, आणि चांगल्या पोलादाची, कोपरे न झिजलेली अॅलन की वापरा, नाहीतर स्क्रूचे तोंड गोल होऊन तो पुन्हा निघणारच नाही. १९ ऐवजी १६ दात घेतल्यावर मोटर स्परच्या दिशेने सुमारे ०.८ मिलिमीटर सरकवावी लागते. मोटर माउंटच्या खाचेत तेवढी जागा आहे का, ते आधी तपासा. मग स्पर आणि पिनियन यांच्या दातांमध्ये साध्या वहीच्या कागदाची अरुंद पट्टी घाला, मोटर हलकेच दाबून धरा, स्क्रू आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. यानंतर स्पर पूर्ण एक फेरा हळूहळू फिरवून त्याची सगळ्यात घट्ट जागा शोधा, कारण प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. त्या घट्ट जागीही अगदी किंचित हालचाल जाणवली पाहिजे.

आता समजा की गिअरिंग ठीक केल्यावरही आपल्याला जास्त वेग आणि जोर हवा आहे, आणि आपण ब्रशलेस जोडी घ्यायचीच ठरवली आहे. मग केव्ही किती, या प्रश्नाकडे येऊ. केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे फिरते तो आकडा. मोटर किती जोरदार आहे हे तो सांगत नाही. त्यामुळे केव्ही एकटा निवडता येत नाही. तो नेहमी बॅटरीच्या व्होल्टेजसोबत आणि गिअरिंगसोबत निवडावा लागतो. लायपोच्या एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७ असते, म्हणून २एस म्हणजे ७.४ आणि ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज केल्यावर सेल ४.२ व्होल्टवर असतो, म्हणजे ३एस सुरुवातीला १२.६ व्होल्ट देते.

आपल्या ट्रकचे गणित १६ दातांच्या पिनियनसह आणि १३० मिलिमीटरच्या चाकांसह करून पाहू. चाकाचा परिघ सुमारे ०.४१ मीटर. ३३०० केव्हीची मोटर २एसवर मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे फिरेल, १४.६ ने भागल्यावर चाकाचे सुमारे १,६७० फेरे येतात आणि वेग ताशी ४१ किलोमीटरच्या आसपास. तीच मोटर ३एसवर ताशी ६१ किलोमीटरपर्यंत जाते. जुना १९ दातांचा पिनियन तसाच ठेवला तर हाच आकडा ७३ च्या जवळ पोहोचतो. हे सगळे आकडे कागदावरचे आहेत. भार, टायरची घसरण आणि बॅटरीचे घटणारे व्होल्टेज यांमुळे प्रत्यक्ष वेग कमी भरतो आणि गवतावर तर बराच कमी. पण दोन पर्यायांची तुलना करायला कागदावरचे आकडे पुरेसे असतात.

यावरून आपल्याला ठरवायचे आहे ते हे की ताशी ६० किलोमीटरचा वेग आपल्याला कुठे वापरायचा आहे. मोकळे, सपाट मैदान असेल तर ठीक. गवतावर, खड्ड्यांतून आणि छोट्या उड्या मारत चालणाऱ्या दोन चाकी ड्राइव्हच्या ट्रकसाठी मी स्वतः ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या आसपासचे गिअरिंग निवडतो. त्या वेगात गाडी ताब्यात राहते आणि मोटरला दम लागत नाही. हा आवडीचा भाग आहे, आणि कुणी याहून वेगाने चालवत असेल तर ते चूक आहे असे मी म्हणणार नाही.

पण तो वेग गाठण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. एक, ३३०० केव्ही मोटर २एसवर. दोन, २४०० ते २७०० केव्हीची मोटर ३एसवर. २६०० केव्हीचा हिशेब केला तर याच गिअरिंगवर ताशी ४८ किलोमीटर येतात. दुसऱ्या मार्गात व्होल्टेज जास्त असल्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी करंट कमी लागतो. उदाहरणार्थ, गवतातून गाडी ओढायला ३०० वॅट लागत असतील, तर ७.४ व्होल्टवर बॅटरीतून सुमारे ४०.५ अँपिअर जातील आणि ११.१ व्होल्टवर २७ अँपिअर. बॅटरीच्या तारा आणि कनेक्टर यांत वाया जाणारी उष्णता पहिल्या बाबतीत सव्वादोन पट असेल. म्हणून मला विचाराल तर आपल्या वापराला ३एस आणि कमी केव्ही ही जोडी अधिक योग्य आहे. ३एस आणि ३३०० केव्ही ही जोडी १३० मिलिमीटरच्या चाकांसह गवतावर माझी पहिली निवड नसेल. याला एक अपवाद आहे. आपल्याकडे चांगल्या २एस बॅटरी आधीच असतील आणि ३एस क्वचितच वापरायची असेल, तर ३३०० केव्ही घ्या, रोज २एसवर चालवा, आणि ३एस लावायचे त्या दिवशी पिनियन आणखी दोन दातांनी कमी करा.

मोटरच्या आकाराबद्दल थोडेसे. ३६५० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबी; ३६६० मध्ये लांबी ६० मिलिमीटर असते. लांब मोटर जास्त वेळ जोर धरते आणि कमी तापते, पण आपल्या गाडीत तिच्या टोकाशी शॉक टॉवर किंवा बॉडीचा खांब येत नाही ना, ते मोजून पाहा. आपली सध्याची ५५० मोटर साधारण ५७ मिलिमीटर लांब असल्यामुळे ३६६० बहुधा बसेल, तरी मागची तारांची बाजू लक्षात घ्या. चार पोलची (चुंबकाचे चार ध्रुव असलेली) मोटर दोन पोलच्या मोटरपेक्षा खालच्या फेऱ्यांत जास्त ओढते, आणि १३० मिलिमीटरच्या चाकांना तीच हवी. शाफ्टचा व्यासही बघून ठेवा: या वर्गात तो ३.१७५ मिलिमीटर असतो, पण काही मोठ्या मोटरींत ५ मिलिमीटर असतो आणि आपला पिनियन तिथे बसणार नाही.

माउंटच्या स्क्रूंबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. ते ३ मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन छिद्रांतले अंतर २५ मिलिमीटर असते, त्यामुळे जुने स्क्रू नव्या मोटरीत सहज फिरतात. अडचण त्यांच्या लांबीची असते. अनेक मोटरींत ही छिद्रे आरपार असतात आणि त्यांच्या मागे लगेच तारांचे वेढे असतात. स्क्रू दोन मिलिमीटर जास्त लांब असला तर त्याचे टोक वेढ्यावर दाबले जाते, तारेवरचे वार्निश खरवडते, आणि मोटर पहिल्याच दिवशी शॉर्ट होऊन ईएससीलाही सोबत घेऊन जाते. बसवण्यापूर्वी छिद्रात बारीक काडी हलकेच घालून खोली मोजा, त्यातून एक मिलिमीटर वजा करा आणि माउंट प्लेटची व वॉशरची जाडी मिळवा. स्क्रू त्याहून लांब नको. स्क्रू शेवटच्या आट्यांत एकदम जड लागू लागला तर जोर लावू नका, काढून पुन्हा मोजा.

ईएससी निवडताना त्यावर दोन प्रकारचे आकडे असतात आणि त्यांना एकाच तराजूत तोलू नये. व्होल्टेजची मर्यादा ही पक्की भिंत आहे. ईएससी ३एसपर्यंतचा असेल तर त्याला क्षणभरही ४एस लावायचे नाही, आणि आपल्या जुन्या ब्रश्ड ईएससीवर २एसची मर्यादा लिहिलेली असेल तर त्यावर ३एस लावून 'बघू या काय होते' असे करू नका. करंटची मर्यादा मात्र तापमानावर अवलंबून असते. क्षणिक करंटचा जो मोठा आकडा पेटीवर ठळक छापलेला असतो त्याकडे दुर्लक्ष करा आणि सतत वाहू शकणाऱ्या करंटचा आकडा पाहा. ३६५० मोटरसोबत सहसा ६० अँपिअरचा ईएससी दिलेला असतो. ३६६० साठी आणि आपल्या जड चाकांसाठी मी ८० अँपिअरचा घेईन. ईएससीच्या माहितीपत्रकात ३एसवर जास्तीत जास्त किती केव्हीची मोटर चालेल हेही लिहिलेले असते; ती ओळ वाचल्याशिवाय खरेदी करू नका. आणि गाडीत तो लावताना बॅटरीकडच्या तारा लांबवू नका. त्या लांबल्या की प्रवाहाच्या धक्क्यांमुळे ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो. जागा कमी पडत असेल तर मोटरकडच्या तीन तारा लांबवा.

सेन्सर असलेली मोटर घ्यावी की नसलेली, याचे उत्तर वापरावर आहे. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये अगदी सावकाश सुरुवात करताना चाक अडखळते, कारण रोटर (आतला फिरणारा भाग) कुठे आहे हे ईएससीला तो फिरू लागल्यावरच कळते. दगडांवरून इंच इंच सरकणाऱ्या क्रॉलरसाठी सेन्सर हवाच. गवतावर धावणाऱ्या ट्रकला तो हवाच असे नाही, आणि चिखलात ती सहा तारांची नाजूक केबल एक जास्तीची काळजी ठरते. आपल्याला मी सेन्सर नसलेली जोडी सुचवेन. तिचा आणखी एक सोपेपणा असा की मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की झाले. सेन्सर असलेल्या मोटरीत मात्र असे कधीही करू नका. तिथे ए, बी, सी या तारा जिथल्या तिथेच जोडाव्या लागतात आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलावी लागते.

बॅटरी आणि कनेक्टर हा भाग लोक सगळ्यात शेवटी पाहतात, तो खरे तर आधी पाहायला हवा. ३०० वॅटच्या उदाहरणातले ४० अँपिअर जुन्या टामिया प्रकारच्या पांढऱ्या कनेक्टरमधून नेले तर तो मऊ होईल. एक्सटी-६० किंवा त्याच दर्जाचा कनेक्टर दोन्ही बाजूंना लावा. जाड तारांना सोल्डर करायला रुंद टोकाचे, किमान ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न वापरा. बारीक टोकाच्या आयर्नने सोल्डर नीट वितळत नाही, आणि आपण ते जास्त वेळ टेकवून धरतो तेवढ्यात कनेक्टरचे प्लास्टिक सैल होते. बॅटरीवरचा सी आकडा (क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते ते सांगणारा) जरा संशयाने वाचा. ५००० एमएएचच्या बॅटरीवर ५०सी लिहिले असेल तर गणिताने ती २५० अँपिअर देऊ शकते असे निघते, प्रत्यक्षात बहुतेक बॅटरी याच्या जवळही जात नाहीत. आणि नव्या ईएससीमध्ये बॅटरीचा प्रकार लायपो असा निवडलेला आहे ना, ते पाहा. नाहीतर सेल ३ व्होल्टच्या खाली उतरत राहील आणि ती बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही.

गाडीची बाकीची यंत्रणा नव्या जोरासाठी किती तयार आहे हे गाडीगणिक बदलते. आपल्या ट्रकमध्ये स्लिपर क्लच (जास्त झटका बसला की थोडा सरकून गिअर वाचवणारा भाग) असेल तर नवी मोटर लावल्यावर त्याचा ताण पुन्हा जुळवावाच लागतो. गाडी जमिनीवर धरून एकदम थ्रॉटल दिल्यावर पहिल्या एक-दोन फुटांत तो सरकल्याचा बारीक आवाज आला पाहिजे. अजिबात सरकत नसेल तर सगळा झटका स्पर, डिफरेन्शिअल आणि मागच्या अॅक्सलला बसेल. सतत सरकत असेल तर त्याच्या उष्णतेने प्लास्टिकचा स्पर वितळतो. पोलादी स्पर घालण्याची घाई करू नका. प्लास्टिकचा स्पर तुटला की बदलता येतो. तो तुटला नाही तर त्याच्या पुढचे काहीतरी महागडे तुटते. प्लास्टिकचे अॅक्सल शाफ्ट मात्र ३एसवर फार दिवस टिकत नाहीत, ते पोलादी करण्याची तयारी ठेवा. उडी मारताना जमिनीला टेकण्यापूर्वी थ्रॉटल सोडण्याची सवय लावून घ्या. पूर्ण वेगाने फिरणारे चाक जमिनीवर आपटून एकदम मंदावते, तेव्हा अॅक्सलला बसणारा झटका मोटरच्या कोणत्याही जोरापेक्षा मोठा असतो. उच्च वेगात टायर फुगतात, म्हणून ते रिमला चिकटवलेले आहेत ना, हेही तपासा.

आता स्टिअरिंग. यात दोन वेगळ्या तक्रारी असू शकतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी जोरात पुढे झेपावली की वजन मागे जाते, पुढची चाके हलकी होतात आणि वळलेली असूनही गाडी सरळ जाते. हा दोष नव्हे, आणि ब्रशलेस मोटरने तो वाढेलच. थोडा थ्रॉटल कमी करून वळणे किंवा ईएससीमधली सुरुवातीची झेप सौम्य करणे हाच उपाय. पण पुढची चाकेच वळत नसतील, किंवा सावकाश वळत असतील, तर प्रश्न विजेचा आहे. सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर यांना वीज ईएससीतल्या बीईसीकडून (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून देणाऱ्या रेग्युलेटरकडून) मिळते. सर्व्हो जोर लावत असताना तो २ ते ३ अँपिअर सहज ओढतो. जुना बीईसी तेवढे देऊ शकला नाही, किंवा बॅटरीचे व्होल्टेजच झेप घेताना कोसळले, की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. आपली गाडी ऐकेनाशी होते ती बहुधा याच क्षणी. खात्री करायची सोपी रीत म्हणजे ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या केबलमधली लाल तार प्लगमधून बाहेर काढून तिच्या टोकाला टेप लावायची आणि रिसीव्हरला ४.८ व्होल्टची चार सेलची स्वतंत्र बॅटरी द्यायची. अडचण नाहीशी झाली तर दोष वीजपुरवठ्यात आहे. ती तशीच राहिली तर सर्व्होचे दात, सर्व्हो सेव्हरचा (सर्व्होला झटक्यांपासून वाचवणाऱ्या स्प्रिंगच्या भागाचा) ढिलेपणा आणि रिसीव्हरची अँटेना पाहा. अँटेनाची तार कापलेली नसावी, आणि मोटरच्या तारांना खेटून जाऊ नये.

नव्या ईएससीचा बीईसी ६ व्होल्ट आणि किमान ३ अँपिअर देणारा असेल तर आपल्या सध्याच्या सर्व्होसाठी तो पुरेसा होईल. १३० मिलिमीटरची जड चाके वळवायला पुढे आपण २० किलो-सेंटिमीटर किंवा त्याहून जोरदार सर्व्हो लावणार असाल, तर वेगळा बाह्य बीईसी लावा, आणि तो लावल्यावर ईएससीची लाल तार तशीच वेगळी ठेवा, म्हणजे दोन रेग्युलेटर एकमेकांविरुद्ध काम करणार नाहीत. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या शाफ्टवर बसणारा छोटा दांडा) घेताना त्याच्या दातांची संख्या तपासा. २३, २४ आणि २५ दातांचे तीन प्रकार प्रचलित आहेत आणि ते एकमेकांत बसत नाहीत.

सगळे जोडून झाल्यावर पहिली सुरुवात चाके हवेत ठेवून करा आणि ट्रान्समीटरचा मध्य, पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण ब्रेक ईएससीला शिकवा. त्यानंतर २एसवर, १६ दातांच्या पिनियनसह, आपल्या नेहमीच्या गवतावर चार मिनिटे चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचा डबा मोजा. आतले वेढे बाहेरच्या डब्यापेक्षा जास्त तापलेले असतात, म्हणून बाहेरून ८० अंश सेल्सिअस ही मी वरची मर्यादा मानतो. चार मिनिटांतच ७० च्या वर गेले तर पिनियन एका दाताने कमी करा. ५० च्या आत राहिले तर एक दात वाढवायला हरकत नाही. ३एसवर जाताना हीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. ईएससीचेही तापमान बघत जा. मोटर थंड असून तो एकटाच तापत असेल तर पंखा फिरत नाही, कनेक्टर ढिला आहे किंवा तो मोटरच्या मानाने लहान आहे. मोटर आणि ईएससी दोन्ही थंड असून बॅटरीच कोमटपेक्षा जास्त तापली, तर तिच्या पेटीवरचा सी आकडा आता आपल्याला वेगळ्या नजरेने वाचता येईल.

आपली जुनी मोटर आणि ईएससी जोडीने काढून ठेवा, कनेक्टर कापू नका. नव्या जोडीत काही बिघाड झाला तर चार स्क्रू आणि दोन प्लग एवढ्या कामात गाडी पुन्हा चालू होते, आणि बिघाड ट्रान्समीटरकडे आहे की मोटरकडे, हे ओळखायला चालणारी दुसरी जोडी हाताशी असण्यासारखे साधन नाही.